दत्तामामा कासार ऊर्फ हिंदू क्षत्रिय

नोकरीची अकरा वर्षं मी नाशिकच्या एका सरकारी कचेरीत जातीच्या दाखल्यांच्या टेबलावर काढली. त्या काळात माणूस समोर येऊन उभा राहिला की त्याच्या तोंडाआधी मला त्याचा शाळा सोडल्याचा दाखला दिसायचा. कुणाला आपली जात आहे त्याहून वरची हवी असायची, कुणाला खालची, आणि दोघांनाही ती सोमवारच्या आत हवी असायची. एवढ्या गर्दीत एकच माणूस मला असा भेटला की त्याला दोन्ही हव्या होत्या. ते आमचे दत्तामामा.

मामा म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. आमच्याकडे बांगड्या भरणाऱ्याला मामाच म्हणतात, बाई सत्तर वर्षांची असली तरी. त्यांचं दुकान जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या मागच्या बोळात. आत एका माणसाला बसायला आणि दीड माणसाला उभं राहायला जागा. रविवारी मात्र ते दुकान बंद ठेवून शहर बसने नाशिकरोडला आमच्या कॉलनीत यायचे. खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर पांढरी टोपी आणि बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी उभं राहायची सवय, कारण बसलं की शेजारचा माळेवर रेलतो. त्र्याण्णव साली मी लग्न होऊन कॉलनीत आले आणि पहिल्याच रविवारी माझा हात त्यांच्या हातात गेला.

कॉलनी सगळी बौद्धांची. कारखान्यात, रेल्वेत, शाळेत, कचेरीत नोकरी करणारी माणसं. मामांनी आपलं पंचांग आमच्याप्रमाणे दुरुस्त करून घेतलं होतं. संक्रांत, वणीच्या गडाची चैत्रातली जत्रा, नागपंचमी आणि गौरी हे त्यांचे इतर ठिकाणचे हंगाम. आमच्याकडे मोठा हंगाम चौदा एप्रिल. जयंतीच्या आधी दोन रविवार ते फक्त निळ्या बांगड्या घेऊन यायचे, आणि त्यातही चार तऱ्हेचा निळा. "मागच्या वर्षी तुम्ही म्हणाला होता, हा शाईसारखा दिसतो. हा बघा, झेंड्यासारखा आणलाय," असं म्हणून माझ्यापुढे धरायचे. गिऱ्हाइकाचं बोलणं वर्षभर ध्यानात ठेवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

भरायची त्यांची एक पद्धत होती. बाईचा हात दोन्ही हातांत घेऊन अंगठ्याखालचा उंचवटा आधी दाबून मऊ करायचा, आणि बांगडी नेमकी हाडावर अडली की एकदम काहीतरी विचारायचं. "काल भाजी कशाची होती?" बाई आठवायला लागायची आणि बांगडी मनगटावर. मला पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "साहेब कसे आहेत तुमचे?" नवऱ्याचा विषय निघताच माझी मूठ आवळली आणि बांगडी वाढली. बांगडी फुटली असं मामा कधी म्हणत नसत, वाढली म्हणायचे. "चूक माझी," ते म्हणाले. "यापुढं तुम्हाला वरणाचंच विचारीन." पुढे बारा-तेरा वर्षं त्यांनी मला वरणाचंच विचारलं.

हातावरून त्यांना घर कळायचं. कोण द्राक्षाच्या पॅकिंगला जायला लागलीय, कुणाच्या घरी गॅस आला, कोण दिवस गेल्याचं लपवतेय, सगळं कळायचं आणि त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. आमच्या शेजारच्या बाई दोन-सहाच्या मापाच्या बांगड्या घालायच्या. एकदा त्यांच्या हातात त्याहून लहान, दोन-चारची सरळ गेली. मामांनी त्यांना हसत डझन भरून दिल्या, आणि जाताना माझ्या दाराशी येऊन हळूच म्हणाले, "ताई, त्यांना दवाखान्यात न्या. चार महिन्यांत हात एवढा उतरत नसतो." टीबी निघाला. बाई औषधांनी बऱ्या झाल्या आणि पुन्हा दोन-सहावर आल्या. मामांनी त्या दिवशी त्यांना एक बांगडी फुकट भरली, का ते सांगितलं नाही.

बांगड्या भरून झाल्या की बाईने कासाराला नमस्कार करायचा असतो. जात कुठलीही असो, वय कितीही असो. या रिवाजावर आमच्या कॉलनीत एकदा चांगलंच वाजलं होतं. तरुण मंडळातल्या पोरांचं म्हणणं की आपल्या बायकांनी कुणापुढे का वाकायचं? मामा बसलेलेच होते. म्हणाले, "नका वाकू. त्यानं बांगडी काय सैल पडत नाही." मंडळाला भांडायला दुसरी बाजूच उरली नाही. तेव्हापासून ज्यांना करायचा त्या करायच्या, बाकीच्या नुसतं हसायच्या, आणि मामा दोघींना सारखंच "सुखी राहा" म्हणायचे.

पंचवटीतल्या एका घरची गोष्ट ते मजेत सांगत. घर सोवळ्याचं. तिथल्या काकू ओटीवर बसून डझनभर हिरव्या भरून घ्यायच्या, वाकून नमस्कार करायच्या, आणि मामा पायऱ्या उतरून रस्त्याला लागायच्या आत त्यांची बसायची जागा पाण्याने पुसायच्या. "हात चालतो, बूड चालत नाही," मामा म्हणायचे. ते सांगताना त्यांना राग आलेला मी पाहिला नाही. आला असेल तर तो त्यांनी दुसरीकडे ठेवला होता.

तो कुठे ठेवला होता तेही सांगते. दुकानात गल्ल्यावर कालिकादेवीची तसबीर होती आणि तिच्या शेजारी मुकुट घातलेल्या सहस्रार्जुनाची. मामांच्या मते कासार हे त्याचे वंशज, म्हणजे सोमवंशी क्षत्रिय. तलवार कधी सुटली, भट्टी कधी पेटली आणि बांगडी हातात कधी आली याची त्यांच्याकडे एक लांबलचक हकिकत होती आणि गिऱ्हाईक घाईत असेल तर ती आणखी लांबायची. बोळाच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर एक भटजी यायचे. मी दुकानात असताना एकदा ते म्हणाले, "दत्तोबा, कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत. आम्ही आणि शूद्र, दोनच." मामांनी काच पुसता पुसता उत्तर दिलं, "असू दे महाराज. घरी काकूंना सांगा, शूद्राकडं नवी हिरवी आलीय." भटजी चहा अर्धा टाकून गेले. त्यांच्या घरच्या मात्र संध्याकाळी येऊन हिरवी भरून गेल्या.

मला या क्षत्रियपणाचं हसू यायचं. टेबलावर मी रोज हाच खेळ बघत होते. गुरव, तांबट, शिंपी, न्हावी, ज्याची त्याची पोथी होती आणि प्रत्येक पोथीत पूर्वज राजा नाहीतर ऋषी. कुणाच्याच पोथीत पूर्वज नुसता कामकरी नव्हता. मी एकदा मामांना म्हटलं, "सगळेच राजे तर मग राबत कोण होतं?" ते म्हणाले, "तेच तर कुणी लिहून ठेवलं नाही." वर लगेच, "पण आमचं खरं आहे."

पण एका बाबतीत मी त्यांना मानत होते. ते नेहमी सांगायचे, "कासाराला विटाळ नाही. हात तो हात. माझे वडील वणीच्या बाजूची वीस-पंचवीस गावं फिरायचे, अठरापगड जातीच्या बायकांचे हात त्यांनी धरले. पाटलीण असो की वस्तीवरची बाई असो, वडलांनी फरक केला नाही." आमच्या कॉलनीत बसून हे बोलायचं म्हणजे त्याला वजन होतं. बायका माना डोलवायच्या. मीही डोलवायची.

फक्त माझ्या सासूबाई डोलवायच्या नाहीत. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्या विधवा, पण काचेच्या बांगड्या घालायच्या. सासरे गेले तेव्हा बायका त्यांच्या बांगड्या फोडायला जमल्या होत्या, तर या म्हणाल्या, "धर्म बदलला तवा काय निस्ती देव्हाऱ्याची जागा बदलली का? हात लावू नका." तेव्हापासून त्यांच्या वाटेला कुणी गेलं नाही. वर्षातून दोनदा त्या मामांच्या पेटीतून स्वतः बांगड्या निवडायच्या, साबणाचं पाणी घ्यायच्या आणि खाटेवर बसून आपल्या हाताने भरायच्या. डाव्या हातात उजव्याने भरणं जमेल कुणालाही, पण उजव्यात डाव्याने, तेही एक न वाढवता, हे अवघड काम. मामा दर वेळी म्हणायचे, "मावशी, आज तरी हात द्या. माझा धंदा काय कामाचा मग?" आणि आत्या दर वेळी म्हणायच्या, "मला येतंय." आम्ही सगळे याला आत्यांचा हेका समजत होतो.

दोन हजार एक साली मामांची धाकटी वैशाली बारावी झाली. तिला डी.एड.ला जायचं होतं. लहानपणापासून ती दुकानाच्या पायरीवर बसून खडूने बोळातल्या पोरांना शिकवायची. खुल्या यादीत तिचा नंबर थोडक्यात हुकत होता आणि इतर मागास वर्गाच्या यादीत सहज लागत होता. कासार त्या यादीत आहेत. वैशाली अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आली, मागे मामा, इस्त्रीचं धोतर नेसून. मी कागद उघडले. मुलीचा दाखला, 'हिंदू क्षत्रिय'. मामांचा स्वतःचा एकोणपन्नास सालचा शाळेचा उतारा, 'हिंदू क्षत्रिय'. कासार हा शब्द कुठेच नाही.

"मामा, हे काय करून ठेवलंय?"

"वडलांनी लिहिलं. तेव्हा समाजाची सभा झाली होती, शहरातले पुढारी आले होते. म्हणाले, आपण क्षत्रिय, शाळेत पोराचं नाव घालताना क्षत्रियच लिहा, खालचं काही लिहू नका." मग जरा ताठ होऊन म्हणाले, "मास्तर कासार लिहीत होते. वडलांनी खोडायला लावलं."

"खोडलं ते दिसतं का उताऱ्यात?"

"नाही. मास्तरांनी नवं पान घेतलं. वडलांनी त्यांना नव्या पानाचा आणा दिला होता."

मी कपाळाला हात लावला. नियम सरळ होता. सदुसष्ट सालाच्या आधीचा, वडलांकडच्या रक्ताच्या नात्यातला, 'कासार' लिहिलेला एक कागद. मामा पंधरा दिवस फिरले. सटाण्याला चुलत्यांकडे गेले, तिथेही सभा झालेली होती, सगळे क्षत्रिय. आईकडच्या एका म्हाताऱ्याच्या दाखल्यावर स्वच्छ 'कासार' सापडलं, पण आईकडचं चालत नाही. वणीला जुन्या आळीत दोन म्हातारे भेटले. त्यांनी तलाठ्यापुढे आनंदाने जबाब दिला की, "हे क्षत्रिय. याचा बाप आम्हाला नेहमी सांगायचा." बापाने काम पक्कं केलं होतं.

शेवटी मामा थेट आमच्या नायब तहसीलदारांपुढे उभे राहिले. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, कागद नाही, पण हे पाहा ना. चार पिढ्या बांगड्या भरतोय."

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काका, बांगड्या मणियारही भरतात, ते मुसलमान. तुमच्या बोळात राजस्थानी विकतो. धंदा म्हणजे जात नव्हे."

मामा त्याच्याकडे बघत राहिले. "मग साहेब, आमची जात इतके दिवस कशावरून ठरत होती?"

साहेबाने फाइल बंद केली. त्याने एवढंच सांगितलं की कागद नसेल तर गावातल्या जुन्या माणसाचा जबाब लागेल, ज्याने यांच्या वडलांना कासार म्हणून वागताना आणि लोकांनी त्यांना कासार म्हणून वागवताना प्रत्यक्ष पाहिलंय. प्रवेशाची मुदत नऊ दिवसांवर होती. मामा पायऱ्या उतरून गेले आणि मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले.

घरी मी हे जेवताना नवऱ्याला सांगत होते. आत्या ताटावरून न उठताच म्हणाल्या, "मी देते जबाब."

"तुम्ही? तुम्ही कुठं ओळखत होता त्यांच्या वडलांना?"

"माझं सासर कुठलं? वणीच्या खालचं. याचा बाप आमच्या गावाला यायचा. पैल्याच दिशी इचारलं नव्हतं का मी याला, कुणाचा तू म्हणून? बापाचं नाव ऐकलं अन् वळखलं."

"इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कुणी इचारलं?" त्या म्हणाल्या आणि ताक प्यायल्या.

साक्षीदार माझीच सासू म्हटल्यावर फाइल मी शेजारच्या टेबलावर सरकवली आणि खुर्ची मागे घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आत्या आल्या. मामांना इतकंच माहीत होतं की आत्या त्यांच्या वडलांना ओळखत होत्या. ते खुशीत होते. वैशालीला बस-स्टँडवरून त्यांच्यासाठी पेढे आणायला पाठवलं होतं. साहेबाने विचारलं, "आजी, यांचे वडील कासार होते हे तुम्हाला कसं माहीत?"

आत्यांनी मामांकडे बघितलं नाही. "कासारच व्हता. सणाला आमच्या वस्तीवर यायचा. वस्तीत नाय यायचा, बाहेर चिचंखाली बसायचा. पुढं पोतं टाकायचं. बांगड्या त्या पोत्यावर ठेवायच्या. तो मागं सरला की आमी जायचं, उचलायच्या अन् आपल्या हातानं भरायच्या. गावातल्या बायांचा हात धरायचा त्यो. आमचा नाय धरला कधी. दाणे आमी पोत्यावर ठिवायचो, मग त्यो पाणी शिपडून उचलायचा. दुसरा कोण आसंल त्यो? कासारच आसतो की."

लिहिणारा कारकून थांबला. साहेबाने त्याला लिहायची खूण केली. पुराव्याच्या दृष्टीने याहून पक्का जबाब आमच्या कचेरीत आला नसेल. वाडवडिलांचा धंदा, गावातलं स्थान, जातीचा व्यवहार, सगळं त्यात होतं. मी मामांकडे बघायचं टाळत होते, पण बघितलंच. ते आपल्या पेटीच्या कडीशी बोटं चाळवत होते.

साहेबाने नियमाप्रमाणे विचारलं, "हे तुम्हाला मान्य आहे?"

नाही म्हटलं असतं तर साक्षीदारच खोटी पडत होती, आणि तिच्याबरोबर वैशालीचं डी.एड. हो म्हटलं तर इतकी वर्षं आमच्या कॉलनीत बसून सांगितलेले वडील खोटे पडत होते. दारात वैशाली पेढ्यांचा पुडा घेऊन येऊन उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मान्य आहे. मी पाहिलंय."

बाहेर आल्यावर ते आत्यांशी काही बोलू बघत होते. "मावशी" म्हणाले. आत्या म्हणाल्या, "पोरीचं काम झालं ना? मग मला बसमदी बसवून दे, ऊन लागतंय." मामांनी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. पेढे कुणीच खाल्ले नाहीत. ते मी कचेरीत वाटले, दाखला मिळाल्याचे म्हणून.

वैशालीला प्रवेश मिळाला. मामा आठ महिने कॉलनीत आले नाहीत. खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता. फसवल्यासारखं वाटत होतं. जात चोरणारे मी रोज बघत होते, पण हा माणूस आमच्याच दारात बसून आमच्याच माना डोलवून घेत होता. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते निळ्या बांगड्या घेऊन आले तेव्हा मी हात पुढे करायच्या आधी विचारून टाकलं, "मामा, इतकी वर्षं खोटं का बोललात?"

त्यांनी माळ गुडघ्यावर ठेवली. "वडलांनी आमची जात सुधारून लिहिली, ताई. मी वडील सुधारून सांगत होतो." मग म्हणाले, "त्यांनी चूक केली हे मला कळत होतं. पण बाप चुकला असं चारचौघांत म्हणायला तोंड होत नाही. मी निदान तशी चूक करत नव्हतो, म्हणून वाटायचं, होईल हळूहळू खरं."

मी हात पुढे केला. त्यांनी वरणाचं विचारलं.

'हात तो हात' हे त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. भटजींना म्हणे त्यांनी एकदा सांगितलं की सरकारने आमचा निकाल लावलाय, आता तुम्ही तसदी घेऊ नका. आत्यांकडे हात मागणंही त्यांनी सोडलं. पेटी उघडून खाटेवर त्यांच्या शेजारी ठेवायचे आणि त्यांचं भरून होईस्तोवर बसून राहायचे. आत्या मुद्दाम वेळ लावायच्या असा मला संशय आहे. दोन हजार चारच्या पावसाळ्यात आत्या गेल्या. मामा आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले, आणि वंदना संपेपर्यंत टोपी हातात धरून होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोन वर्षांनी. वैशालीला पेठ तालुक्यातल्या एका शाळेत नोकरी लागली होती आणि नोकरी पक्की व्हायला जातीची पडताळणी करून घ्यावी लागते. नव्या समितीपुढे जुनी फाइल पुन्हा उघडणार, म्हणून बापलेक मला सोबत घेऊन गेले. मामांना आता संधिवात होता. बोटं वाकडी झाली होती, दुकानात बांगड्या त्यांची मोठी सून भरायची. समितीतले अधिकारी तरुण होते, व्यवस्थित होते. त्यांनी आत्यांचा जबाब पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचला. वैशालीने तो त्या दिवशी दारातून अर्धाच ऐकला होता. ती मान खाली घालून बसली.

"या बाई हयात आहेत?"

"नाहीत," मी म्हणाले.

"मग काका, तुम्हीच सांगा. यातला मजकूर बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "पण पुरा नाही."

 स्वच्छ चाललेल्या फायलीत माणसाने तोंड उघडण्याइतकं वाईट काही नसतं. मी त्यांच्या बाहीला हात लावायला गेले, त्यांनी तो लागू दिला नाही.

"वडील झाडाखाली बसायचे, ते खरं. पोत्यावर बांगड्या नेऊन ठेवायचो ते मी. आठ वर्षांचा होतो. ठेवायच्या आणि मागं पळायचं, त्या बायांची सावली पडायच्या आत. एकदा एका बाईनं बांगडी मोठी होते म्हणून दुसरी मागितली, हातात द्यायला म्हणून ती परत पुढं केली. मी ओरडलो तिच्यावर. खाली ठेव म्हणून ओरडलो. वडील हसले. शाबास म्हणाले." मामा थांबले. "मावशींनी माझं नाव घेतलं नाही. त्यांना माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही."

मलाही ठाऊक नाही. ती बाई आत्याच होत्या की दुसरी कुणी, हे आता कळायला मार्ग नाही.

अधिकारी जरा अवघडले. "काका, जात सिद्ध व्हायला याची गरज नाही. एवढ्यावर तुमचं काम होतंय."

"तुम्हाला गरज नसेल. लिहा."

"तुम्ही तेव्हा लहान होता."

"लहान होतो. तेही लिहा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाखल्यांच्या टेबलावर अकरा वर्षं काढलेली कारकून, मला सांगता आलं असतं की असला मजकूर जबाबात घेत नाहीत. मी गप्प बसले. त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. मामा एकेक वाक्य सांगत होते, घाई न करता. लिहून झाल्यावर त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि वाकड्या बोटाने ओळ धरून तो वाचला. मग वैशालीच्या हातात दिला, आणि तिचं वाचून होईपर्यंत सही केली नाही.